फुवामुलाच्या बंदरातले शार्क

बुधवार, माले

मालदीवला निघालोय म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पाण्यावरच्या झोपड्या आणि तरंगत्या ताटातला नाश्ता येतो. माझ्या भाच्याला आणि मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आम्हाला जायचं होतं पार खाली, विषुववृत्त ओलांडून, फुवामुलाला. तिथे बंदराच्या तोंडाशीच टायगर शार्क जमतात. भाचा पुण्यात संगणकाची नोकरी करतो आणि साठवलेली सगळी सुट्टी पाण्याखाली खर्च करतो. मी मालवणची. मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण खाऊन वाढले आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर तारकर्लीला स्कूबा शिकले. त्यामुळे शार्क ताटातही पाहिलाय आणि पाण्यातही, पण पाण्यात पाहिलेले सगळे लहान आणि लाजरे.

मुंबईहून विमान तीनेक तासांत मालेला उतरतं. भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत, फक्त निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. विमानतळावर आमच्याबरोबर उतरलेली सगळी मंडळी रिसॉर्टच्या पाट्या धरून उभ्या असलेल्या माणसांमागे गेली. आमचं पुढचं विमान सकाळचं, म्हणून आम्ही पूल ओलांडून माले शहरात शिरलो आणि सरळ मासळीबाजार गाठला. कुठल्याही गावात मी देवळाआधी मासळीबाजार बघते. घरचे बोलून थकले.

दुपारी चारच्या पुढे धोनी, म्हणजे इथल्या मासेमारीच्या होड्या, लागायला लागतात, तेव्हा बाजाराला रंग येतो. फरशीवर कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, रांगाच रांगा. एका कडेला कापणारे बसलेले. आपल्याकडे कोळीण विळीवर मासा करते, इथे लांब सुरा घेतलेले पुरुष. डोकं, मग पाठीचा काटा, मग चार लांब फाका. हातभर कुपा पाहता पाहता निकालात निघतो. बाया जवळजवळ नाहीतच, ना विकायला ना घ्यायला. मी आणि भाचा सगळीकडे मध्येच येत होतो, पण कुणी खेकसलं नाही.

मोरी मात्र कुठेच नव्हती. मिळणारही नव्हती. मालदीवने 1995 साली व्हेल शार्कची मासेमारी बंद केली, 1998 मध्ये पर्यटनाच्या सात अटॉलांत (प्रवाळबेटांच्या कड्यांत) दहा वर्षं शार्क मारायला मनाई केली, 2009 मध्ये ती देशभर किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंत वाढवली आणि मार्च 2010 मध्ये आपल्या सगळ्या समुद्रात शार्कची मासेमारी पूर्ण थांबवली. पुढे व्यापार आणि निर्यातही बंद.

हे काही भूतदयेतून झालेलं नाही. त्यामागे एक हिशेब आहे. 1992-93 मध्ये दोन संशोधकांनी इथल्या मत्स्यखात्यासाठी गणित मांडलं: एक ग्रे रीफ शार्क मारला तर कोळ्याला साधारण 32 डॉलर मिळतात, एकदाच. तोच जिवंत राहिला तर त्याला बघायला येणाऱ्या डायव्हरांकडून वर्षाला सरासरी 3,300 डॉलर येतात. हे आकडे जगभरच्या शार्कवाल्यांनी इतके उगाळलेत की ते आता म्हणीसारखे झालेत. मला पहिल्यांदा वाचतानाच त्यात एक गोम दिसली होती. 32 डॉलर ज्या खिशात जात होते आणि 3,300 ज्या खिशात जाणार होते, ते खिसे दोन वेगळ्या माणसांचे होते. मालदीवमध्ये पर्यटन सुरू झालं 1972 साली. पुढची साडेतीन दशकं पाहुणे रिसॉर्टच्या बेटावर, गावकरी गावाच्या बेटावर. गावात गेस्टहाउस काढायची मुभा मिळाली ती 2009-10 च्या सुमाराला, म्हणजे शार्कबंदीबरोबरच. फुवामुलाला जायचं मनात होतं ते यासाठीच. तिथे रिसॉर्ट नाही. शार्क गावाचे आणि गिऱ्हाईकही गावाचं. मग पैसा कुणाकडे जातो ते बघायचं होतं.

गुरुवार, फुवामुला

छोट्या पंख्याच्या विमानातून खाली अटॉलांची कंकणं दिसत राहतात. मग बराच वेळ नुसतं पाणी. मग एकदम एकटं, हिरवंगार, लांबट बेट. फुवामुला हे अख्खं अटॉल एकाच बेटाचं. भोवती शांत उथळ पाणी नाही, रीफ संपली की कडा थेट खोल समुद्रात जातो. लांबी साडेचार किलोमीटर, रुंदी जेमतेम सव्वा. एवढ्याशा जागेत दोन गोड्या पाण्याची तळी, अळूची शेतं, केळी आणि आंबे. युनेस्कोने 2020 मध्ये या बेटाला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली.

गेस्टहाउसच्या मालकाने विमानतळावरून आणतानाच दोन गोष्टी सांगून टाकल्या: दारू मिळणार नाही आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच. मी म्हटलं, "मला दोन्हीची अडचण नाही." तो दिलखुलास हसला. हिंदी सिनेमांवर वाढलेला असल्यामुळे हिंदी फर्डं. 2024 च्या जानेवारीत आपल्याकडे समाजमाध्यमांवर मालदीवविरुद्ध जी राळ उडाली, तिचा विषय त्यानेच काढला. रिसॉर्टवाल्यांनी कळ सोसली, त्याच्याकडे मात्र भारतीयांची बुकिंगं रद्द झाली होती. "मी कुणाला काय बोललो होतो?" एवढंच म्हणाला.

दुपारी बंदरावर. लाटा इतक्या थेट आदळतात की बंदर बांधण्याआधी होडी लावणं हेच कौशल्याचं काम होतं, असं सगळे सांगतात. आता काँक्रीटच्या बांधामागे धोनी आणि डाइव्ह बोटी शेजारी शेजारी उभ्या असतात. आम्ही पोचलो तेव्हा एक धोनी पिवळ्या पराचे कुपे उतरवत होती. धक्क्यावरच कापाकापी सुरू झाली. डोकी, कणे आणि आतडी बादलीत, आणि बादली भरली की उलटी पाण्यात.

याच बादलीमुळे इथे टायगर शार्क आहेत. बंदर झालं, मासे इथे कापायला लागले, कचरा इथे पडायला लागला आणि वास खोल पाण्यात उतरला. पर्यटकांचा तेव्हा पत्ता नव्हता. गावकऱ्यांना शार्क दिसायचे, त्याचं त्यांना फारसं काही वाटायचं नाही. मग इथल्याच काही पोरांनी टाक्या लावून खाली उतरून पाहिलं, आणि आज रशियापासून चीनपर्यंतचे लोक या कचऱ्याच्या तोंडाशी यायला पैसे मोजतात.

भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे हे नैसर्गिक नाहीच की."

मी म्हटलं, "ससून डॉकवरच्या घारी नैसर्गिक आहेत का?"

धक्क्यावरून खाली बघताना एक करडी सावली बांधाच्या टोकापासून आत आली, डोक्यांच्या ढिगावरून वळली आणि निघून गेली. मासे कापणाऱ्याने मान वर करूनही पाहिलं नाही.

शुक्रवार

सुट्टी. नमाजानंतरच गाव हलतं. सकाळी भाड्याच्या सायकलींवर बेटाला चक्कर मारली. बंदारा किली या तळ्याच्या काठाला बसलो, अळूच्या वाफ्यांतून फिरलो, थुंडीच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे वाळूऐवजी गुळगुळीत पांढरे खडे आहेत आणि लाट परतताना त्यांचा खळखळाट होतो. सुंदर आहे. फोटो भाच्याने काढलेत, हवे असतील त्याने बघावेत.

दुपारी मालक आम्हाला त्याच्या आजेसासऱ्यांकडे घेऊन गेला. घरासमोर लोखंडी चौकटीला दोऱ्या विणून केलेल्या खुर्च्या, त्यांना इथे जोली म्हणतात. गल्लीतल्या गप्पा सगळ्या त्यावरच. आजोबा ऐंशीच्या घरातले, केयोळु होते, म्हणजे धोनीवरचे मुख्य कोळी. ते धिवेहीत बोलत, नातजावई हिंदीत सांगे. पोरींनी चहा आणि माशाचे तळलेले गोळे आणून ठेवले.

मियारु, म्हणजे शार्क, त्यांच्या तरुणपणी मुख्यतः तेलासाठी धरत. लाकडी होडी पाण्यात कुजू नये म्हणून यकृताचं तेल फासायचं. मोठा टायगर शार्क धरणं ही वेगळीच विद्या होती. आमिष दाखवून त्याला होडीलगत आणायचं, मोठ्या गळाने धरायचं आणि थकवायचं. ते काम येणारा माणूस गावात मोठा. सांगताना आजोबांनी दोन्ही हात पुढे करून दोर धरल्यासारखी मूठ वळली. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. त्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"पण रोजचा मासा कुपा," ते म्हणाले. गळाच्या काठीने कुपा मारणारे लोक शार्कवर उलट खूश असत. मोकळ्या समुद्रातला रेशमी कातडीचा शार्क कुप्याच्या थव्याबरोबर फिरतो, तो असला की थवा एका जागी राहतो, अशी जुन्या लोकांची पक्की समजूत. म्हणून कुपेवाले आणि शार्कवाले यांची भांडणं होत. मला हे नवं होतं. शार्क मारायला सगळ्यात आधी विरोध कुणी केला असेल तर तो पर्यावरणवाल्यांनी नव्हे, शेजारच्या होडीतल्या कोळ्याने.

मग 1980 च्या सुमारास खोल पाण्यातल्या शार्कचा धंदा आला. दिवसाचा उजेड पोचत नाही अशा खोलीवर राहणारा, मोठ्या हिरव्या डोळ्यांचा, अंगाने बेताचा शार्क. इंग्रजीत त्याला गल्पर म्हणतात. त्याच्या यकृतात स्क्वालीन नावाचं तेल भरपूर, आणि ते औषधांना, सौंदर्यप्रसाधनांना लागतं. जपानी व्यापारी तेल घ्यायला तयारच होते. गळांच्या उभ्या माळा खोल सोडायच्या, यकृत काढून घ्यायचं. थोडी वर्षं पैसा बरा आला. मग माळा रिकाम्या यायला लागल्या. या माशाला एका वेळी एखाद-दुसरं पिल्लू होतं आणि वयात यायलाच त्याला कैक वर्षं लागतात. धंदा बंदीआधीच झोपला होता. बंदी आली तेव्हा मारण्यासारखं फार उरलं नव्हतं.

"बंदी आली तेव्हा तुम्हाला काय मिळालं?" मी विचारलं.

आजोबा बराच वेळ बोलले. नातजावयाने त्याचं चार शब्दांत भाषांतर केलं: "बोले, कुछ खास नहीं।" दोर आणि गळ सरकारने विकत घ्यायची योजना निघाली होती, दुसरी कामं देऊ म्हणाले होते. त्यातलं कुणाला मिळालं, कुणाला नाही, यावर गल्लीत दोन मतं होती, आणि जोलीवरची बाकीची मंडळीही वाद घालायला लागली. आम्हाला अवाक्षर कळत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता. मालवणला 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून आमच्या गाबीत आळीत हाच सूर ऐकत आलेय. वरून कागद येतो, त्यावर हद्द असते, आणि हद्दीत जाळं टाकणाऱ्याला ती इतरांच्या नंतर कळते. फरक एवढाच की मालदीवमध्ये कागद खरोखर पाळला गेला.

शनिवार

सकाळी डाइव्ह. बोट बंदराच्या तोंडातून बाहेर पडते आणि इंजिन तापायच्या आत थांबते. उतरायची जागा एवढी जवळ आहे की धक्क्यावरची मोटारसायकल ओळखू येते. खाली उतरण्याआधी पोरसवदा गाइडने नियम सांगितले: शार्ककडे पाठ करू नका, हात पसरू नका, वर तरंगू नका, हातमोज्यांचे भडक रंग नकोत. तो इथलाच. वडील कोळी. बोटीचा कप्तान त्याचा चुलता.

सात-आठ मीटरवर प्रवाळाच्या मोडतोडीचा उतार आहे. तिथे आम्हाला खडकांमागे एका ओळीत बसवलं. गाइडने कुप्याची डोकी एका मोठ्या दगडाखाली दडपून ठेवली. दडपून यासाठी, की शार्कने ते उचलून पळू नये, वास घेत घुटमळावं. हे मला फारसं आवडलं नाही. प्राणी बघायला जायचं आणि त्याला दगडाखालच्या घासाभोवती नाचवायचं. पण वर धक्क्यावर तीच डोकी बादलीने पडत असताना खाली मी तत्त्वाची भाषा करणं जरा जास्तच झालं असतं.

आधी आले ते बारके मासे, ढिगाने. मग ते सगळे एकदम बाजूला झाले.

ती डावीकडून आली. इथल्या टायगर शार्कमध्ये मादाच जास्त, हीही मादी. चार मीटरच्या आसपास असावी. थोराड मादी डोक्याशी इतकी रुंद असते की समोरून मासा वाटतच नाही. एसटी स्टँडात लाल गाडी वळते तशी ती वळली, सावकाश, सगळ्यांनी जागा करून द्यायची हे गृहीत धरून. वयाबरोबर पट्टे पुसट होतात, हिचे पाठीवर अंधूक दिसत होते, शेपटीकडे ठळक. डोळा काळा आणि वाटोळा, माझ्या मुठीपेक्षा लहान नसेल. दगडाशी आली, नाक लावलं, दगड सरकला. हलका धक्का दिल्यागत सरकला, आणि तो आम्हा दोघांना मिळून उचलला नसता.

मग ती माझ्याकडे वळली. गाइड मध्ये आला, तळहाताने तिचं नाक बाजूला केलं आणि ती माझ्या खांद्याच्या हातभर वरून गेली. तेव्हा जबड्याच्या कोपऱ्यात गळ दिसला. जुना, गंजून काळा पडलेला, आणि त्याला वीतभर तुटका दोर, त्यावर शेवाळ. दोराचं टोक माझ्या मास्कसमोरून गेलं. पोट खाली ओघळलेलं होतं. वर आल्यावर गाइड म्हणाला, "गाभण आहे." टायगर शार्कच्या मादीला पंधरा-सोळा महिने गर्भ वाहावा लागतो. मग एकदम डझनांनी पिल्लं होतात, आणि पुन्हा लगेच नाही.

भाच्याने गळाबद्दल विचारलं. बंदी असताना गळ कसा? गाइडने खांदे उडवले. कुप्याच्या गळाला चुकून लागतो, दोर तोडतात, तो दोर घेऊन जातो. कुणी मुद्दाम मारत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं, पण त्याच्या चुलत्याने तेवढ्यात समुद्राकडे तोंड फिरवलं, तेही मी पाहिलं.

रविवार

त्या चुलत्यालाच गाठलं. आठवड्यातले काही दिवस तो डाइव्ह बोट चालवतो, उरलेले दिवस स्वतःच्या छोट्या होडीने मासे मारतो. दुपारी येऊ का म्हटलं तर म्हणाला, उलटी झाली तर परत फिरणार नाही. मी मालवणची आहे हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

बेटाचा कडा इतका उभा आहे की अर्ध्या तासात खालचं पाणी गडद निळं होतं. हातदोराची मासेमारी. काठी नाही, चाक नाही. त्याने बोटांना सायकलच्या ट्यूबच्या चकत्या चढवल्या होत्या, दोर धावताना कातडं सोलू नये म्हणून. आमिषाचा मासा गळाला ओवून खाली सोडला, दोर गुडघ्यावर ठेवला आणि विडी पेटवली.

बऱ्याच वेळाने दोर ताणला. तो उभा राहिला, पाय कडेला रोवले आणि ओढायला लागला. दोर येतो, जातो, येतो. पिवळा पर पाण्यात चमकला इतका वर मासा आला. मग एक हिसका बसला आणि दोर एकदम हलका झाला. त्याने शिवी दिली, तेवढी मला धिवेहीतही कळली. वर आलं ते फक्त डोकं. कल्ल्यांच्या मागे, करवतीने कापावं तसं साफ. डोळा अजून चमकत होता. मान धरून त्याने ते फळीवर टाकलं तेव्हा तोंड एकदा उघडलं-मिटलं.

"किती गेले?" भाच्याने विचारलं.

अंगाने मोठा मासा होता, बंदरावर त्याला बरा भाव आला असता. त्याने हिशेब रुफियात सांगितला आणि मग म्हणाला, "शनिवारी तुम्ही ज्याला बघायला पैसे दिले, त्याने आज माझे घेतले." हाच शार्क तो, असं नाही. पाण्याखाली काय होतं ते आम्ही पाहिलं नाही, रेशमी शार्कही असेल. पण त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. बंदी आल्यापासून शार्क वाढले आणि दोरावरचा मासा खातात, ही तक्रार मालदीवच्या कोळ्यांत सगळीकडे आहे. 2021 मध्ये सरकारातून बंदी उठवण्याचा विचार बोलून दाखवला गेला, तो याच तक्रारीच्या जोरावर. लगेच ओरड झाली, डाइव्हवाले, पर्यटनवाले, पर्यावरणवाले सगळे उभे ठाकले आणि सरकारने माघार घेतली. कोळ्यांची तक्रार मात्र तिथेच राहिली. मासा गेल्याची भरपाई कोण देणार, याचं उत्तर त्या सगळ्या आरडाओरड्यात कुणी दिलं नाही.

याच्या घरात निदान दोन्ही खिसे आहेत. पुतण्या गाइड, स्वतः बोट चालवतो. "ज्यांच्याकडे नाहीत?" मी विचारलं. त्याने किनाऱ्याकडे बोट केलं. बरेच जण होडी विकून मालेला गेले. डाइव्ह सेंटर काढायला इंग्रजी लागतं, कर्ज लागतं, काँप्रेसर लागतो. वयाच्या पन्नाशीत कोळ्याला ते कुठून येणार? पर्यटक एका डाइव्हचे शंभर डॉलरपर्यंत मोजतो. बेटावर त्यातलं किती राहतं आणि परदेशी भागीदारांकडे, ऑनलाइन बुकिंगवाल्यांकडे किती जातं, ते सेंटरगणिक बदलतं. आमचं सेंटर इथल्यांचं होतं म्हणून मी जरा निश्चिंत होते. सगळी तशी नाहीत.

उरलेल्या डोक्याचं रात्री गेस्टहाउसवर गरुधिया झालं, साधं मिठाच्या पाण्यातलं कुप्याचं सार. लिंबू, मिरची, कांदा आणि भात. डोक्याच्या गालातलं मांस कप्तानाने आठवणीने माझ्या ताटात घातलं.

सोमवार

पहाटे थ्रेशर शार्कसाठी उतरलो. लांब शेपटीचे, मोठ्या डोळ्यांचे, अतिशय बुजरे. एक दिसला, शेपूट फिरवून गेला. भाचा दिवसभर त्याचंच बोलत होता.

मला सेंटरच्या खोलीतली भिंत जास्त आवडली. तिथे टायगर शार्कचे फोटो लावलेत, एकेकाच्या पराची खाच, ओरखडा, जबड्याचा व्रण यावरून ओळख. अशाच फोटोंवर आधारलेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. सात वर्षांत 239 वेगवेगळे टायगर शार्क फुवामुलाला ओळखले गेले, बहुतेक माद्या, त्यातल्या अनेक गाभण. इतक्या छोट्या जागेत एवढा मोठा मेळा जगात आणखी कुठे नोंदलेला नाही. फोटो काढणाऱ्यांत याच बेटाची मुलं होती. माझ्या डोक्यावरून गेलेली, गळवाली, भिंतीवर मिळते का म्हणून बराच वेळ शोधली. गाइडने दाखवली. त्या फोटोत दोर लांब होता.

त्याच खोलीत गल्परवरून वाद ऐकला. 2025 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांनी जाहीर केलं की खोल पाण्यातल्या गल्पर शार्कची मासेमारी नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू करणार. कोळ्यांना उत्पन्न मिळावं म्हणून, आणि म्हणे व्यवस्थापन आराखड्यासह. त्याच वर्षाच्या अखेरीला समरकंदला वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स परिषदेत जगभरच्या देशांनी गल्परच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणायचं ठरवलं. सेंटरमधल्या एका मुलाचं मत होतं की एकदा एका शार्कला दार उघडलं की सगळ्यांना उघडेल. दुसरा म्हणाला, टायगरला कोण हात लावतंय, गाव पेटेल.

दुसऱ्याचं मला खरं वाटलं, आणि तेवढ्यासाठीच काळजीही वाटली. टायगरसाठी गाव पेटेल, कारण तो सात मीटरवर येऊन दर्शन देतो. गल्पर काही शे मीटर खाली, अंधारात. त्याला बघायला कुणी तिकीट काढत नाही, त्याचा फोटो भिंतीवर लागत नाही. जिवंत शार्कची किंमत पर्यटकाच्या पाकिटातून ठरवायची म्हटली की गल्परची किंमत उरते ती यकृतापुरतीच, आणि त्या हिशेबात तो आधीच एकदा संपलेला आहे. हे मी त्या मुलांना म्हटलं. पहिला म्हणाला, "मग आजोबांना विचारा, माळा किती वर्षांत रिकाम्या झाल्या." त्याला जोलीवरची गोष्ट आधीच कळली होती. बेट साडेचार किलोमीटरचं आहे.

मंगळवार

विमान दुपारी. सकाळी नाश्त्याला शेवटचं मास हुनी, खोबरं आणि धुरावलेल्या कुप्याचा कीस, कांदा-मिरची चुरून, सोबत पातळ रोशी. मालकाने हिशेब केला, माणशी रोजचा हरित कर वेगळा लावला आणि मग समोर बसला. पुण्याहून अठरा जणांच्या ग्रुपची चौकशी आलीय, म्हणाला. त्यातले सहा जण डाइव्ह करणार, बाकीचे किनाऱ्यावर. पैसे चांगले. अडचण एकच. त्याने फोन पुढे केला. मेसेजमध्ये लिहिलं होतं: सात जण जैन.

"कांदा नाही, लसूण नाही, बटाटाही नाही," मी समजावलं.

"और मछली?"

"मासा तर नाहीच."

तो विचारात पडला. अळू? मी म्हटलं, कांद जमिनीखालचा, तो चालणार नाही, पानं चालतील बहुतेक. नारळ? चालेल. केळी? चालतील. फणसासारखं ते तुमचं झाडावरचं फळ? ब्रेडफ्रूट, तेही चालेल. रोशी, भात, डाळ. बायकोला हाक मारून त्याने यादी लिहून घ्यायला लावली. ती लिहिता लिहिता थांबली आणि नवऱ्याला धिवेहीत काहीतरी म्हणाली. दोघंही हसले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, शार्कला कुप्याची डोकी आणि यांना नुसतं खोबरं. भाडं दोघांचं सारखंच लावायचं का?"

मी म्हटलं, जैनांना थोडं जास्त लावा, पानं निवडायला वेळ जातो.